वस्तीवरच्या बंद मोटरी

झांबियातल्या साखर कारखान्यांवर आमच्या बारामती-इंदापूरकडची बरीच माणसं आहेत. माझा नवरा रविराज त्यातलाच. आम्ही तिथं गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली, धरण तळाला गेलं आणि वीज दिवसातून तीन-चार तासांवर आली. सुरुवातीला मी नुसती धुसफुसत असायची. वीज आली रे आली की गिझर, शेगडी, इस्त्री, सगळं एकदम चालू. एकदा शेजारच्या बांडाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला लसींचा फ्रिज आपल्याच लाइनवर आहे, म्हणाल्या. सगळ्यांनी एकदम ओढलं की लाइन बसते, तुमचं पाणी जरा उशिरा तापवा. मला राग आला. बिल भरते मी, फुकट नाही वापरत, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण नंतर बघितलं, तर अख्खी गल्ली हे पाळत होती आणि आपण फार मोठं काही करतोय असं कुणाच्या तोंडावर दिसत नव्हतं. मीही पाळायला लागले. खरं सांगायचं तर मला त्याचा गर्वच झाला.

तो गर्व घेऊन मी या उन्हाळ्यात लासुर्ण्याला माहेरी आले. वडिलांची, आप्पांची फुप्फुसं पार गेली होती. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन घरी आणलं होतं, विजेवर चालणारं. ते घरघरत असलं की आप्पा खाटेवर टेकून चहा पीत आणि माझा भाऊ राजवर्धन याला उसाबद्दल शंभर सूचना देत. ते बंद पडलं की त्यांचे ओठ निळे व्हायला लागत. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी जुनी. तासाभरात मान टाकायची.

आमच्या वस्तीला मोटरींसाठी थ्री फेज वीज रात्रीच. दिवसा एकच फेज चालू असतो, घरातले दिवे-पंखे चालावेत म्हणून. पण रात्रीत उपसलेल्या विहिरी दिवसा पुन्हा पाझरतात आणि ते पाणी डोळ्यासमोर दिसत असताना आमच्या माणसांना गप्प बसवत नाही. स्टार्टरला कंडेन्सर लावतात आणि त्या एका फेजवर पाच-पाच अश्वशक्तीच्या मोटरी ओढतात. मग वस्तीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते, नवी यायला चार दिवस लागतात आणि आणायला गेलेले लोक वाटेत सरकारला शिव्या घालतात. हे मी लहानपणापासून बघत आले. यावेळी ती जळाली तर आप्पा जातील, हे मला दिसत होतं.

म्हणून मी घरोघर गेले. पहिल्यांदा रावजीतात्यांकडे. त्यांची विहीर आमच्या बांधाला लागून. मी झांबियातल्या गल्लीची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "आप्पा हायेत तोवर दिवसा मोटरी बंद ठेवा."

"आप्पांसाठी एवढं बी करणार न्हाय व्हय आमी?" तात्या म्हणाले.

सगळे तयार झाले. मीच चकित झाले, कारण मला भांडणाची अपेक्षा होती. राजवर्धनलाही आमचा कंडेन्सर काढायला सांगितला, काढला, म्हणाला. त्या दिवसापासून दुपारी वस्ती चिडीचूप. मी रविराजला फोनवर फुशारकीनं सांगितलं की माणसं सगळीकडे सारखीच चांगली असतात, फक्त त्यांना कुणीतरी विचारावं लागतं.

पुढं ऊन वाढलं, उसाचे शेंडे पिवळे पडले. लोक आप्पांना बघायला येत, कुणी तक्रार करत नसे. छबूबाई तर आप्पांच्या पायाशी बसून म्हणाल्या, "ऊस काय, पुन्हा लावता येतुया आप्पा. मानूस लावता येत न्हाय." मला भरून आलं. आप्पांनी मात्र भिंतीकडं तोंड केलं आणि त्या जाईपर्यंत वळले नाहीत. मला वाटलं, थकले असतील.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी मी भाकरी थापत होते. बाहेर मोठा आवाज झाला आणि आप्पांच्या खोलीतला पंखा थांबला. मशीन इन्व्हर्टरवर चालू राहिलं. मी पिठाच्या हातानं पळत सुटले. डीपीतून धूर निघत होता, खाली तेल गळत होतं आणि रावजीतात्या तिथं उभे होते. चार लोकांसमोर मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुमचा ऊस माझ्या बापापेक्षा मोठा झाला का, इथपर्यंत गेले.

तात्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "ताई, तुमची मोटर चालू दिसली. पाटात पानी आलं. आमाला वाटलं, आप्पांनीच मोकळीक दिली. मग सगळ्यांनीच चालू केल्या."

मी घरी येऊन राजवर्धनची गचांडी धरायचीच बाकी ठेवली. "मी न्हाय चालू केली, शप्पत," तो म्हणाला. कंडेन्सर मात्र त्यानं काढला नव्हता. तू परत गेल्यावर लागणारच होता, म्हणाला.

"त्याला सोड," आतून आप्पा म्हणाले. "म्या लावली. फोनवरून."

आमच्या मोटरीला मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर होता. नंबर लावला की विहिरीवर मोटर सुरू. खाटेवरून उठायचीसुद्धा गरज नाही.

"का आप्पा?" मी विचारलं.

त्यांनी दम खात, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. "समद्या वस्तीचा ऊस माज्यापायी वाळतोय. येत्यात, गोड बोलत्यात, जात्यात. त्यांच्या तोंडाकडं बघवंना. म्हनलं, माजी चालू झाली की त्ये बी चालू करत्याल. कुनाला इचारायला नको."

"डीपी जळंल, हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"व्हतं की."

दवाखान्यात जायला ते तयार होईनात. आधी रावजीला बोलवा, म्हणाले, तू त्याला लई बोललीस. इन्व्हर्टर मान टाकत आला होता आणि हा माणूस मी केलेलं भांडण मिटवत बसला होता. मी त्यांच्यावर ओरडले. तात्या आले तेव्हा मशीन बंद पडलेलं होतं आणि घरातला एकुलता छोटा सिलिंडर आम्ही लावला होता. आप्पांनी त्यांचा हात धरला, पण बोलता आलं नाही. तात्यांनी स्वतःची जीप काढली, बारामतीच्या रस्त्याला लागली. भवानीनगर यायच्या आत आप्पा गेले. सिलिंडर संपला नव्हता, पण त्याचा ऑक्सिजन त्यांना पुरला नाही.

चौथ्या दिवशी नवी डीपी आली. दुपारी रावजीतात्या ओसरीवर येऊन बसले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"ताई, इचारू नये," ते म्हणाले, "पन ऊस पार गेलाय. आता दिसाच्या मोटरी चालू केल्या तर चालत्याल का?"

अजून दहावासुद्धा झाला नव्हता. मला त्यांना उठवून लावावंसं वाटलं. आणि हेही कळत होतं, की हा प्रश्न कुणाला विचारावा लागू नये म्हणून आप्पांनी जीव दिला आणि मी मात्र अजून परवानगी देणारी होऊन बसले आहे. त्या माणसांचा चांगुलपणा मी मागून घेतला होता. तो रोज खाटेवर पडून घ्यावा लागत होता आप्पांना, मला नाही.

"मला काय विचारता तात्या," मी म्हणाले. "करा चालू."

ते गेल्यावर एकेक मोटर सुरू झाल्याचा आवाज यायला लागला. रावजीतात्यांची, मग छबूबाईंची, मग पलीकडच्या. आमची तेवढी बंद होती. राजवर्धनला मी दोनदा सांगून बघितलं, पण तो स्टार्टरला हात लावायला तयार नव्हता.