आतून चालतंय ना?

पराग्वेच्या राजधानीतल्या, असुन्सिओनमधल्या त्या सहकारी संस्थेत व्यवस्थापक एलादियोसाहेबांना वेबसाइटसाठी एचटीटीपी-३ हा नवा प्रोटोकॉल हवा होता. कशासाठी, ते त्यांना विचारू नये. शेजारच्या संस्थेच्या साहेबांनी तेरेरे, म्हणजे एकाच पेल्यातून फिरवायचा तिथला गार चहा, पिता पिता "आमच्याकडे आहे" म्हटलं होतं, तेवढं पुरेसं होतं.

सर्व्हर सांभाळणाऱ्या निदियाला मात्र तो खरोखरच हवा होता. तिची आई काआसापाकडच्या खेड्यात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. संस्थेच्या दवाखान्याचे नंबर सकाळी सातला वेबसाइटवर सुटायचे, आणि तिथल्या मरतुकड्या सिग्नलवर पान उघडेपर्यंत संपायचे. हा नवा प्रोटोकॉल म्हणे अशाच अडखळत्या सिग्नलवर तग धरतो. निदियाने जीव ओतून तो बसवला आणि सर्व्हरवरूनच तपासला. चालू! मग रस्त्यावर जाऊन मोबाइलवरून तपासला, तर पान आपलं जुन्याच प्रोटोकॉलने येतंय.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. नवा प्रोटोकॉल यूडीपीच्या वाटेने येतो, आणि ती वाट साहेबांनीच फायरवॉलवर बंद करवली होती. का, तर कर्मचारी कामाच्या वेळात फुटबॉल बघतात. फक्त सर्व्हरपुरती उघडू या, असं निदियाने परोपरीने समजावलं. साहेब म्हणाले, एकदा फट ठेवली की फुटबॉल शिरलाच. आणि आतून चालतंय ना? मग झालं तर.

बोर्डाच्या बैठकीत साहेबांनी तीच आतली चाचणी पडद्यावर दाखवली. टाळ्या पडल्या. तेरेरेचा पेला फिरत फिरत अध्यक्ष एर्मिनियाबाईंपर्यंत आला, तेव्हा निदियाला राहवेना.

"बाई, तुमच्या फोनवर तपासणीचं पान उघडा. वायफाय बंद करून."

बाईंनी उघडलं. नापास. फोन बिघडला असेल, असं साहेबांनी सुचवून पाहिलं.

"फोन ठणठणीत आहे," निदिया म्हणाली. "सर्व्हर स्वतःशीच बोलतोय, आपल्यासारखाच. सभासद सगळे बाहेर आहेत आणि दार साहेबांनी लावून घेतलंय."

पेला बाईंच्या हातातच राहिला. वाट उघडा, एवढंच त्या म्हणाल्या. साहेबांनी लगेच सांगून टाकलं की ते स्वतः कधीपासून हेच म्हणत होते. म्हणू देत बापडे! निदियाने वाट उघडली, बाहेर जाऊन तपासलं, आणि भर रस्त्यात तिला आनंदाने रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्यालाच आईचा फोन आला.

"पोरी, पान कसं चटकन उघडलं बघ."

"मग, मिळाला नंबर?"

"छे गं. सगळ्यांचंच चटकन उघडलं असणार. डोळ्यांचा डॉक्टर एकच, तोही आठवड्यातून एकदा येणार. आधी नंबर संपलेत हे कळायला अर्धा तास लागायचा. तेवढा वेळ तरी आशा असायची."