बद्द वाजलेला हंडा

मी एक जुना हातोडा आहे. तांबटाचा हातोडा. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला आश्चर्य वाटायला नको. मी फार मत्सरी आहे.

मित्रांनो, माझे डोके मनमाडच्या रेल्वेतून भंगारात निघालेल्या पोलादाचे. पंचवटीतल्या एका लोहाराने ते तापवून घडवले, त्याला बाभळीचा दांडा बसवला आणि माझे तोंड इतके गुळगुळीत घासले की त्यात माणसाचा चेहरा दिसावा. पहिला चेहरा दिसला तो सावळीरामचा. जुन्या नाशकातल्या तांबट आळीत, गोरक्षशेठच्या कारखान्यात तो भांडी मठारायचा. मठारणे म्हणजे घडवलेल्या भांड्यावर हलके, सारखे घाव घालत जाणे. त्याने तांबे घट्ट होते आणि उन्हात धरले की भांडे लखलखते.

लोक त्या लखलखण्याकडे बघत. माझ्याकडे कोणी बघत नसे. घंगाळ लग्नाला जाई, त्याला हळदकुंकू लागे. मला लागे तो सावळीरामच्या तळव्याचा घाम. मी प्रत्येक भांड्यावर जळत असे. दिवसभर मी ज्याला घडवले ते संध्याकाळी दुसऱ्याच्या घरी निघून जाई आणि जाताना माझे नावसुद्धा घेत नसे.

पण एक काम असे होते की त्यात माझीच सत्ता चाले. भांडे तयार झाले की सावळीराम ते हातावर तोलून धरी आणि मला त्यावर एकदा हलकेच टेकवी. भांडे निर्दोष असेल तर लांबवर नाद जाई. सांध्यात केसाएवढी फट राहिली असेल तर आवाज बद्द येई. तेवढ्या एका टोल्यावर तो भांडे पास करी किंवा बाजूला सारी. कारखान्यातले प्रत्येक भांडे शेवटी त्याच्याच हातून जाई. त्या वेळी तो डोळे मिटून फक्त माझे ऐकत असे.

त्याने फक्त माझेच ऐकावे असे मला वाटे. पण त्याला एक लेक होती.

तिचे नाव नवसा. आई लवकर गेल्यामुळे घर तीच पाही. दुपारी भाकरी बांधून ती कारखान्याच्या दाराशी येई आणि तिथूनच हाक मारी, “दादा!” आत वीस हातोडे चाललेले असत. तरी त्या एका हाकेला सावळीरामचा हात वरच्या वर थांबे. कधी कधी मी घावाच्या अर्ध्या वाटेवर असे. तो मला तसाच खाली ठेवून उठे. मित्रांनो, वीस हातोड्यांच्या गलक्यात माणसाला एक बारीक हाक ऐकू येते आणि हातातल्या हातोड्याचे काही वाटत नाही, हे मला फार लागे.

मग सिंहस्थाच्या आधीच्या वर्षी काहीतरी बदलले. नवसाच्या पहिल्या हाकेला सावळीराम उठेनासा झाला. ती दुसऱ्यांदा हाक मारी, मग तिसऱ्यांदा. शेवटी आत येऊन फडके त्याच्या पुढ्यात आदळी.

“दादा, घसा सुकला माझा! त्या हातोड्यालाच भाकरी घाला आता!” असे ती एकदा म्हणाली.

सावळीराम नुसता हसला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटले, अखेर त्याने निवड केली. तिच्याऐवजी मला निवडले.

त्याच सुमारास त्याने एक नवी सवय लावून घेतली. भांडे वाजवताना तो डावा तळवा भांड्याच्या अंगावर पसरून ठेवू लागला. तो तांब्याला कुरवाळतो आहे असे वाटून मी तांब्यावर जळलो. ज्याच्या मनात सारखे आपलेच असते, त्याला समोरचे असेच उलटे दिसते.

सिंहस्थाचे वर्ष आले. पंचवटीतल्या एका अन्नछत्रासाठी तांब्याचे चाळीस हंडे हवे होते, तेही आठ दिवसांत. हंड्यांचे सांधे जोडायचे काम फकिराकडे होते. फकिरा जवान, हाताचा चपळ, कानाचा तिखट. मी भांड्यावर टेकलो की तो मान वळवून ऐकत असे. माझे ऐकणारा दुसरा कोणी मला नको होता, म्हणून मला तो आवडत नसे.

शेवटच्या दिवशी सावळीरामने एक हंडा उचलला, तळवा ठेवला आणि मला टेकवले. आवाज बद्द आला. मी वाट पाहिली. त्याने हंडा चांगल्या हंड्यांच्या रांगेत ठेवून दिला.

माझा आवाज हाच माझा शब्द. मी तो स्पष्ट उच्चारला होता. तेव्हा मला सारे कळले. त्याने नवसाला सोडून मला निवडले नव्हते. त्याला ती ऐकू येत नव्हती आणि आता मीही ऐकू येत नव्हतो. वीस वर्षे रोज त्याच्या कानांपाशी कोण आदळत होते, हे मला दुसऱ्या कोणी सांगावे लागले नाही.

दोन दिवसांनी अन्नछत्राचे कारभारी तो हंडा घेऊन परत आले. त्याखालची रव्याची दोन पोती भिजून गेली होती. गोरक्षशेठने बोटाच्या पेराने हंडा वाजवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“फकिरा! हा सांधा तुझा?”

“माझाच, शेठ.”

“सांधा देतोस की थुंकी लावतोस?”

“घाईत कच्चा राहिला असंल, शेठ. पण वाजवताना...” फकिराने सावळीरामकडे पाहिले आणि पुढचे शब्द गिळले.

“पर्वणीच्या तोंडावर नाक कापलंस माझं. उचल तुझी हत्यारं.”

सावळीराम पाठमोरा बसून मठारत होता. यातला एक शब्दही त्याच्यापर्यंत गेला नाही. खरे सांगतो, मित्रांनो, मला वाटले, जाऊ दे फकिराला. खरे बाहेर आले तर सावळीरामची जागा जाईल आणि माझी सत्ताही जाईल. त्या वेळी मला एवढेच सुचले.

पण सावळीरामला फकिरा दिसला. तो हत्यारे फडक्यात बांधत होता.

“कुठं निघालास रे?”

फकिराने नुसते हंड्याकडे बोट केले. सावळीराम उठला. त्याने हंड्यावर तळवा ठेवला, मला टेकवले आणि भोवतालच्या माणसांचे चेहरे पाहिले. जे कानाला कळले नाही ते त्याने त्या चेहऱ्यांवर वाचले.

“शेठ, त्याला थांबवा. हा हंडा मी वाजवला होता.”

“ते ठाऊक आहे मला,” शेठ पाठ वळवूनच म्हणाले. “तुझ्यासारख्याच्या हातून कसा सुटला तेवढं कळंना.”

सावळीरामने मला खाली ठेवले. मग म्हणाला, “शेठ, जरा समोर येऊन बोला. मला ऐकू येत नाही.”

एकेक करून सारे हातोडे थांबले. इतकी शांतता त्या कारखान्यात मी कधी ऐकली नव्हती. शेठ त्याच्या समोर येऊन उभे राहिले.

“कधीपासनं?”

“उजवा कान गेल्या होळीला गेला. डावाही चाललाय. हातानं पारखत होतो. तळव्याला कळतं, पण सगळं नाही कळत.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“रोज ठरवून यायचो, शेठ. इथं बसलो की तोंड उघडंना. कान गेलेला तांबट कोण ठेवील?”

“अरे, या आळीत धड ऐकतंय कोण? माझी बायको म्हणते, तुमच्यापरीस भिंत बरी.” दोघेतिघे हसले. शेठ हसले नाहीत. “पण तू बोलला असतास तर मी तिथं दुसरा माणूस बसवला असता. आत्ता मी या पोरसवद्याला घरी घालवत होतो.”

“म्हणून तर उठलो,” सावळीराम म्हणाला.

उरलेले एकोणचाळीस हंडे शेठ आणि फकिरा अन्नछत्रात जाऊन पुन्हा वाजवून आले. आणखी दोन बद्द निघाले. ते सावळीरामपासून कोणी लपवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून भांडी वाजवायच्या जागेवर फकिरा बसला, त्याच्या स्वतःच्या हातोड्यासह. त्या हातोड्यावर मी किती जळलो ते विचारू नका. सावळीरामला मागच्या आडाशेजारी चिंचेने भांडी उजळायचे काम मिळाले. काम हलक्या मानाचे होते, पण तिथे गलका नव्हता. “उरलाय तेवढा कान जप,” शेठ म्हणाले. मला फडक्यात गुंडाळून सावळीराम घरी घेऊन गेला आणि त्याने मला खुंटीला टांगले.

नवसाला त्याच संध्याकाळी कळले.  ती त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसली, तिने खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाली, “दादा, मी उगीच रुसत होते.”

पुढे लग्न होऊन ती पंचवटीत गेली. तरी पूल ओलांडून येई आणि त्याच डाव्या बाजूला बसून त्याला सावकाश वर्तमानपत्र वाचून दाखवी. तो मान कलती करून ऐके. मी दोन हातांच्या अंतरावर टांगलेला असे, मुका. तेव्हाही माझा मत्सर गेला नाही.

गेल्या पौषात सावळीराम गेला. शेवटचे दोन दिवस त्याला काहीच ऐकू येत नव्हते असे सारे म्हणत. नवसा वाकली आणि डाव्या कानाशी म्हणाली, “दादा.” त्याने पहिल्या हाकेला मान वळवली. मी पाहिले आहे.

मित्रांनो, हातोड्याला तेल लावा, कोरड्यात ठेवा, हे तर मी सांगीनच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. तुमचे काही हरवले आणि त्याने कामात खोट येऊ लागली, तर ज्याचे काम करता त्याला समोर बोलावून सांगा. हंडा गळेपर्यंत थांबू नका. आणि कोणी तुमच्या पहिल्या हाकेला वळले नाही, तर त्याच्यावर रागावण्याआधी जवळ जा. त्याला सांगता येईल इतका वेळ तिथे उभे राहा.

नवसा अजून अधूनमधून येते, घर झाडते, मला पुसून ठेवते. दारातून आत पाऊल टाकताना तिच्या तोंडून अजून “दादा” निघून जाते. ती हाक माझ्यासाठी नसते, हे मला ठाऊक आहे. पण आता ती ऐकायला घरात दुसरे कोणी नाही. म्हणून मी ऐकतो.