ओयी उभ्या असताना

“कडेनं सुरुवात केलीस तर मध्य उघडा पडेल,” असं ओयींनी सकाळी पीठ मळतानाच बजावलं होतं. तरी मोहिचेहरानं पहिल्याच खेळीत डाव्या बगलेचं, घोड्यापुढचं प्यादं दोन घरं पुढे सारलं आणि घड्याळाची कळ दाबली.

पटापलीकडे ओयीच होत्या, तिच्या सासूबाई. कोकंद शहराच्या महिला बुद्धिबळ स्पर्धेची ही शेवटची फेरी. या डावात जिंकेल ती पुढच्या स्पर्धेसाठी ताश्कंदला जाणार.

ओयींची खोड अशी, की खेळी झाली की उठायचं आणि इतरांचे पट बघत फिरायचं. सासू उभी असताना सुनेनं बसायचं कसं? मोहिचेहराही उठायची, ओयी परत येईपर्यंत अदबीनं छातीवर हात ठेवून उभी राहायची. तेवढा वेळ घड्याळ मात्र तिचं चालायचं.

“काय गं, डाव खेळतेस की कवायत करतेस?” शेजारच्या पटावरची बाई कुजबुजली.

“ओयी उभ्या आहेत ना.”

“मग त्या दमवूनच जिंकणार तुला!”

मोहिचेहराची वेळ संपत आली, तेवढ्यात बाहेरून बाळाचं रडणं आलं आणि मागोमाग नवऱ्याचं बेसूर गाणं.

“ओयी, जरा बघून येते.”

“बस खाली. भुकेचं रडणं नाही ते. बापाच्या गाण्याला कंटाळलाय.”

ओयी उठल्या. मोहिचेहराचे गुडघे सवयीनं सरळ होऊ लागले.

“बस म्हटलं ना!” दारातून ओयी वळून म्हणाल्या.

ती बसली. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून तिनं पट पाहिला, आणि मधलं प्यादं मारायला देऊन टाकलं.

ओयी बाळाला खांद्यावर घेऊन आल्या. पंच न पाहिल्यासारखं करत चष्मा पुसत राहिले. ओयींनी प्यादं मारलं.

“पडला ना मध्य उघडा? सांगितलं होतं.”

“पडला, ओयी. पण उंट माझा आहे.”

डाव्या बगलेतला उंट उघड्या मध्यातून तिरपा सुटला, तो थेट ओयींच्या राजाच्या रोखानं. ओयी बराच वेळ उभ्या उभ्याच बघत राहिल्या. मोहिचेहरा उठली नाही. मग ओयी खुदकन हसल्या आणि त्यांनी स्वतःचा राजा आडवा केला.

“लोकरीचे मोजे घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “पोराचं मी बघते.”

मोहिचेहरा आता ताश्कंदला आहे. फोन केला की ओयी “सगळं छान” म्हणतात. स्वतःच्या अंगात ताप असला तरी त्या तेच म्हणतात. तुमच्यापैकी कुणी कोकंदकडे निघालं असेल, तर बाजारामागच्या त्यांच्या निळ्या दारावर जरा थाप मारा. बाळ मजेत असेल. त्याला भरवून झाल्यावर ओयी स्वतः जेवतात का, तेवढं बघून या.