घराखालून गेलेली वीज

तोंडावर गोड बोलणारा माणूस मला पहिल्यापासून सहन होत नाही. चाळ कमिटीचे नाना तसले. परळच्या आमच्या चाळीत वीज होती ती पुढच्या माळ्यांना. मागच्या पत्र्याच्या खोल्यांत आम्ही बौद्ध, कंदिलावर. आणि आमच्याही मागे तालीम. संयुक्त महाराष्ट्राच्या बैठका तिथे भरायच्या, म्हणून तिथे वीज न्यायचं ठरलं.

माझ्या पोरीचा, बकुळाचा बाप शिवा, गिरणीत वायरमनच्या हाताखाली. सत्याग्रहात तो आणि नाना तुरुंगात एकाच बराकीत राहिलेले. तर नाना घरी आले, कधी नव्हे ते आत येऊन बसले.

"शिवा, पाइपाला दुसरी वाटच नाही रे. तुझ्या खोलीखालूनच न्यावा लागेल. जाता जाता तुलाही एक पॉइंट काढून देऊ. पोरगी मॅट्रिकला आहे ना?"

झालं, हा विरघळला. रविवारी स्वतःच्याच घरात कुदळ घातली. उंबरा काढला, जमीन खणली. मी चूल बाहेर मांडली. लोखंडी पाइप पुरला, त्यातून वायर ओढली, वर माती चोपली, ती मी सारवली. तालमीत दिवा लागला. टाळ्या काय, घोषणा काय!

आणि आमचा पॉइंट? आधी "लोड बघू जरा." मग "मालक काय म्हणतो बघू." दिवाळी गेली, परीक्षा जवळ आली. शेवटी मीच नानांना नळावर गाठलं. म्हटलं, "पॉइंट राहू दे. पोरीला संध्याकाळची तालमीत त्या दिव्याखाली तरी बसू द्या."

"अहो सुंदराबाई, तिथे मारुती आहे. बाईमाणूस कसं चालेल?"

बाईमाणूस हे निमित्त, नको होती ती आमची जात. वायर ओढायला बकुळाचा बाप बरा चालला! तेव्हा मारुतीने डोळे मिटले होते वाटतं.

बकुळाचा गणिताचा पेपर गेला. कंदिलापाशी डोळे लाल करून बसायची माझी पोर. पेपर देऊन आली त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही.

पुढे मे महिन्याची पहिली तारीख आली, महाराष्ट्र झाला. आम्हीही नाचलो, खोटं कशाला बोलू? आमचाही होता तो. संध्याकाळी तालमीत सभा होती आणि ऐन भाषणात फ्यूज उडाला. नाना धावत आमच्या दारात.

"शिवा, ऊठ, चल लवकर!"

बकुळाचा बाप जागचा हलला नाही. "नाना, आधी माझा पॉइंट."

"आजच्या दिवशी? अरे, एवढा महाराष्ट्र मिळाला नि तू एका दिव्यासाठी अडून बसतोस?"

"एका दिव्यासाठी तुम्हीपण अडलायच की, नाना."

सभा गॅसबत्तीवर उरकली. त्याच आठवड्यात दुसरा मिस्त्री आला आणि नळाच्या बाजूने तालमीत वीज घेऊन गेला. म्हणजे वाट होती! कमिटीवाल्यांच्या ओट्याच्या फरश्या फोडाव्या लागत होत्या, एवढंच.

मग जूनमध्ये निकाल लागला, बकुळा गणितात नापास झाली, आणि त्याच सुमारास नानांची माणसं आली. पाइप कमिटीचा आहे म्हणे. आमची जमीन पुन्हा उकरली, पाइप उपसला, खांद्यावर टाकून नेला. खड्डा तसाच टाकून गेली. बकुळाचा बाप फावडं हातात घेऊन कडेला नुसता बसून राहिला.

माझं डोकं फिरलं. "बुजवू नका तो! राहू दे उघडा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे ह्यांचा महाराष्ट्र!"

बकुळा कोपऱ्यात कंदिलाची काच पुसत होती. वर न बघताच म्हणाली, "बुजवा, बाबा. मला बसायला तेवढीच जागा आहे. ऑक्टोबरला परत परीक्षा आहे."