वर धरलेला हात

आईला आम्ही सांगितलं होतं, ओझरकडे लग्नाची ऑर्डर आहे. तिनं दोघांच्या डब्यांत भाकऱ्या भरल्या. "फोटोवाल्यांना शेवटच्या पंगतीला बसवतात. तोवर खाऊन घ्या," म्हणाली. सनीनं माझ्याकडे पाहिलं नाही, मी सनीकडे पाहिलं नाही.

लग्न नव्हतंच. ओझरच्या पुढे माळावर एकानं सिमेंटची सरळ पट्टी बांधली आहे, तिथे मोटरसायकलींची ड्रॅग रेस होती. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. मधल्या खांबावर पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. मग चारशे मीटर, नाकासमोर. बारा-तेरा सेकंदांत सगळं संपतं. माझा पाठचा भाऊ सनी त्या दिवशी पहिल्यांदा पळणार होता. आयोजकांना फोटो काढणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून मी गेले. नऊ वर्षं लग्नं काढतेय, रेस एकही नाही. काम घेतलं ते फक्त त्याच्यावर डोळा ठेवायला. डोळा ठेवला की माणूस पडत नाही, असं काहीतरी वेडं मनात होतं.

दिवे लावणारे जयराम सर, साठीचे, आवाजानं घोगरे. त्यांनी मला केशरी जाकीट दिलं, कानात घालायला बोळे दिले आणि सुरुवातीच्या रेषेच्या थोडं पुढे, डावीकडे, कमरेएवढ्या भिंतीमागे चुन्याची चौकट दाखवली.

"यातून पाय बाहेर नाही. पट्टीकडे पाठ नाही. आणि लग्नातल्यासारखं उलटं उलटं चालत जायचं नाही, कळलं ना मॅडम? इथे मागे पडायला गादी नसते."

"नवरी समज मला, ताई," सनी हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाला.

"नवरी एवढा धूर काढत नाही रे."

तो हसला. मी बोळे कानात दाबले.

पहिल्या दोन गाड्या सुटल्या तेव्हा आवाज कानात आलाच नाही, थेट बरगड्यांत शिरला. मी डोळे मिटले. नऊ वर्षांत कॅमेऱ्यामागे डोळे मिटले नव्हते. नंतरचे फोटो पाहून तर मीच ओशाळले. गाड्या शोरूमबाहेर लावून ठेवल्यासारख्या, चाकाची तार न् तार मोजावी इतक्या स्थिर. मग शटर हळू केलं. गाडीबरोबर कंबरेतून वळायला लागले, जात्याच्या खुंट्याबरोबर बाई वळते तशी. दहातला एखादा फोटो जमू लागला. बाकीच्या नऊ गाड्या धुरात विरघळून गेल्या.

सकाळी सरावाच्या फेरीत सनी लवकर सुटला. खांबावर लाल दिवा लागला, म्हणजे फेरी फुकट. परत आला तो खांदे पाडून.

"काय झालं रे?"

"माहीत नाही गं. क्लचवरची बोटं आपोआप सुटली. पिवळा लागायच्या आधीच."

"घाबरलास?"

"तू घाबरलीयेस. मला कशाला चिकटवतेस?"

बरोबरच होतं त्याचं.

दुपारी बाद फेऱ्या सुरू झाल्या. सनीच्या आधीच्या जोडीला वेळ होता, म्हणून मी सकाळचे फोटो चाळले. सनी सुटतानाचा एक होता. मी तो मोठा करून पाहिला.

त्याचं हेल्मेट खांबाकडे नव्हतं. माझ्याकडे होतं.

आमच्या बौद्ध लग्नांत जयमंगल अष्टगाथा म्हणतात. ती संपते त्या क्षणाला नवरानवरीवर फुलं पडतात. तो क्षण हुकला तर पुन्हा मिळत नाही. म्हणून सहा वर्षं आमची एकच रीत आहे. मी डावा हात वर करते, सनी पाकळ्यांची नळी धरून सावध होतो. माझा हात खाली आला की तो नळी पिळतो, मी बटण दाबते. बोलायचं नाही, विचारायचं नाही. सहा वर्षांत त्याची बोटं एकदाही चुकली नव्हती. आणि सकाळी सराव चालू असताना मी, सवयीनं, डावा हात वर केला होता. मग कॅमेऱ्याखाली आधाराला घेतला होता.

गाडी त्यानं दिव्यावर सोडलीच नव्हती. माझ्या हातावर सोडली होती.

हे त्याला सांगायला हवं होतं, पण तोवर त्याची गाडी पाण्यावर मागचं चाक फिरवत होती, टायर तापवत. पांढरा धूर उठला. त्यातून तो रेषेवर आला. शेजारी मालेगावचा एक उंच पोरगा. आधीच्या जोडीतल्या एका गाडीतून तेलाचे थेंब पुढे पट्टीवर गळले होते, ते आत्ता दिसले. जयराम सरांनी दोन्ही हात आडवे धरून थांबायची खूण केली. सनीनं मान हलवली. नवनाथ नावाचा एक माणूस झाडू आणि भुकटीची पाटी घेऊन पट्टीवर गेला. सनीच्या बरोबर समोर, चाळीसेक पावलांवर, तो खाली बसला. तेलावर भुकटी टाकून घासू लागला. पाठ आमच्याकडे.

दिवे विझलेले होते. जो दिव्याकडे बघतो त्याच्यासाठी भीतीचं काही नव्हतं.

सनीनं हेल्मेट वळवलं. माझ्याकडे.

थांब म्हणायला माझा हात आपसूक वर गेला. डावा हात.

त्याच्या गाडीचा आवाज चढला.

तेव्हा कळलं, मी काय करून बसले. त्याच्यासाठी तो थांबायचा हात नव्हता. तयार राहा म्हणणारा हात होता. आता तो खाली आला की त्याची बोटं सुटणार. ओरडले, पण त्याच्या कानात बोळे आणि मांडीखाली इंजिन. माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. मान हलवली, तर त्यानंही मान हलवली, मी तयार आहे म्हणून.

हात वर. उजव्या हातात लोंबणारा कॅमेरा, त्याचा पट्टा मनगटात रुतलेला. नवनाथ घासत होता. एकेक थेंब शोधून, सावकाश, अंगण सारवावं तसा. ऊठ ना रे बाबा, ऊठ ना. खांद्यातून मुंग्या निघाल्या, कोपरापर्यंत आल्या. बोटं गार पडली. घामाचा थेंब काखेतून निघून कमरेपर्यंत गेला, तरी मी हात हलवला नाही. हा हात माझा नव्हताच जणू. नवनाथच्या पाठीवर कुणीतरी धरलेलं छप्पर होता, आणि खाली माझा भाऊ उभा होता.

नवनाथ उठला. कंबर धरून उभा राहिला. वाकून पाटी घेतली. मग पलीकडच्या भिंतीवरून पाय टाकून बाहेर गेला.

जयराम सरांनी आडवे हात काढले. पिवळे लागले. हिरवा लागला. मालेगावचा पोरगा सुटला, धुळीत नाहीसा झाला.

सनी उभाच. गाडी गुरगुरतेय, डोळे माझ्या हातावर. भिंतीपलीकडे लोक ओरडत होते, "अरे जा ना! झोपला काय?" पट्टी आता रिकामी होती, तरी माझा हात खाली येईना. खांद्यात अडकून बसला होता.

जयराम सरांनी त्याला गाडी बंद करायला लावली. तो ती ढकलत भिंतीशी आला, हेल्मेट काढलं. तोंड लालबुंद.

"ताई, हात खाली का नाही टाकलास?"

विचारलं, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तो थबकला. मी उजव्या हातानं सकाळचा फोटो त्याच्यापुढे धरला. त्यानं पाहिला. मग पलीकडे नवनाथ झाडू भिंतीवर आपटत होता, तिकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे झाले.

"मला वाटलं, मी दिव्याकडे बघतोय."

"लय रेस दिली भाऊ तुम्ही," नवनाथ तिकडून हसत म्हणाला. "मला वाटलं, आलीच अंगावर."

आम्ही दोघं हसलो नाही.

हरलेल्यांना वेळ नोंदवायला शेवटची एक फेरी होती. जाऊ नकोस, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. त्यानं ते वाचले असावेत.

"मी जाणारे," तो म्हणाला. "पण तू तिथे नको उभी राहूस. माझ्या पाठीमागे राहा. मला दिसणार नाहीस अशी."

"मग तुझं तोंड मला कसं दिसेल?"

"नाही दिसणार."

मी जयराम सरांना विचारून रेषेमागच्या कठड्याआड गेले. नऊ वर्षांत कुणाच्या पाठीचा फोटो मी मुद्दाम काढला नव्हता. सनीची पाठ अरुंद आहे, हे मला त्या दिवशी दिसलं. जाकिटाच्या आत एखादं लहान मूल उभं असावं तशी. दिवे लागले. मी दोन्ही हातांनी कॅमेरा घट्ट धरला. गाडी गेली, धूर माझ्यावर आला.

त्या धुरात मला फक्त आवाज उरला. तो चढत गेला, बारीक होत गेला, आणि पट्टीच्या टोकाला एकदम तुटला. ब्रेक लागल्यावर असाच तुटतो, हे दिवसभर ऐकलं होतं. दुसऱ्या कशानेही असाच तुटत असेल. मी मोजायला लागले. वीस. तीस. परतीच्या कच्च्या रस्त्यावर धूळ उठली. तिच्यात गाडी आहे की नुसता वारा, हे लेन्समधून बघायचं बळ मला होईना.

नवनाथ कठड्याशी येऊन उभा राहिला होता. डोळ्यांवर हाताचा आडोसा करून तो त्या धुळीकडे बराच वेळ बघत राहिला.

"आला बघा ताई," तो म्हणाला. "तुमचा भाऊच आहे."