वरची भिंत, खालचं घर

उतारावर दोन घरं होती. वरच्यात भाऊ राहायचा, खालच्यात त्याची थोरली बहीण. गाडीसाठी सपाट अंगण हवं म्हणून भावाने कडेला संरक्षक भिंत घालायला काढली. कमरेपेक्षा उंच भिंतीला नगरपालिकेची परवानगी आणि इंजिनिअरचा नकाशा लागायचा. भावाने पळवाट काढली. कमरेएवढी एक भिंत बांधली आणि तिच्यामागे हातभर सोडून, वरच्या भरावावर तेवढीच दुसरी.

"नियमात दोन्ही बुटक्याच!" तो म्हणाला.

"अरे, पण वरचीचा भार खालचीवर येणार. आणि खाली माझं स्वयंपाकघर."

"ताई, तू पहिल्यापासूनच घाबरट."

पाऊस लागून राहिला आणि खालच्या भिंतीने पोट काढलं. ताईच्या ओट्यामागून गढूळ पाणी झिरपायला लागलं. भावाने भेगांवर गिलावा थापला आणि हात झटकले. मग ताईने मनावर दगड ठेवून तक्रार केली.

नगरपालिकेचा इंजिनिअर आला. त्याने भिंतीवर तळवा टेकवला आणि लगेच मागे सरकला.

"पाणी निघायची भोकं कुठायत?"

"डाग पडत होते, बुजवली," भाऊ म्हणाला.

इंजिनिअर ताईकडे वळला. "स्वयंपाकघरात कोण असतं?"

"मी. शाळा सुटली की नातही."

"आजपासून कुणीच नको. भिंत उतरवावी लागेल."

तो गेला तसा भाऊ तरातरा खाली आला. "सख्ख्या भावाची तक्रार?" त्याने खुर्ची ओढली आणि थेट ओट्याला पाठ लावून बसला. "हा बसलो. बघू काय होतंय."

"ऊठ रे. पाया पडते तुझ्या."

"चहा टाक."

ती उंबऱ्यातून आत येईना. भिंतीपलीकडे काहीतरी घरंगळल्यासारखं वाजलं. मांडणीवरची भांडी किणकिणली. भावाचा चेहरा उतरला. तो उठला, तोच ओट्यामागची फरशी तडकली आणि चिखल धबधब्यासारखा आत घुसला. ताईने आत झेप घेतली आणि त्याचा दंड धरून जीव खाऊन ओढलं. धड बाहेर आलं, पाय खुर्चीसकट आत अडकले.

शेजाऱ्यांनी फावड्यांनी उकरून काढलं. जीव वाचला, पण एक पाय गेला. आता तो ताईच्या बाहेरच्या खोलीत पडून असतो. तक्रारीचा विषय दोघंही काढत नाहीत.

त्याचं घर बंद आहे. काल ताई कुलूप बघायला वर गेली, तर कडी कोयंड्यात बसेना. चौकट कलली होती. अंगणात पाऊल टाकलं तेव्हा पायाखालची जमीन पोकळ वाजली.

ती खाली आली आणि नातीचे कपडे बॅगेत भरायला लागली.

"कुठे निघालीस?" भावाने विचारलं.

"आपण तिघंही निघतोय," ती म्हणाली.