डावीकडं सरकणारा जबडा

कुंभार पिंपळगावच्या शाळेत ज्योत्स्ना चौथीला शिकवायची. फळ्यावर लिहिता लिहिता मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपला जबडा डावीकडं सरकत चाललाय, हे आता मास्कमधूनही पोरांना दिसलं!

करोना सरला तरी तिनं मास्क सोडला नव्हता. डबा ती एकटीच, कपाटाआड खायची. डब्याचं झाकण, मोटरसायकलचा आरसा, जिथं चेहरा दिसेल तिथं नजर जायची आणि हात जबडा चाचपायचा.

"कुठं वाकडा हाय? बराबर तर हाय," नवरा भारत म्हणायचा. ती आणखीच घाबरायची. हाही लपवून राह्यला!

जालन्याच्या दातांच्या डॉक्टरनं एक्स-रे दाखवला. जबडा सरळ होता. तिला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचा असणार.

एका रविवारी सासू चांगुणाबाई आत आल्या, तर सून दाराच्या चौकटीला गाल लावून सगळं अंग रेटत होती. ओठातून रक्त येत होतं.

"पोरी, काय करून राह्यली गं!" त्यांनी तिला ओढून कवळ्यात धरलं.

"सरळ करते, आत्या. थोडाच राह्यला."

संध्याकाळी गाल टम्म सुजला. आरशात बघून ज्योत्स्ना म्हणाली, "बघा, म्हणत न्हवते मी?"

दुसऱ्या दिवशी भारत आणि चांगुणाबाई तिला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडं घेऊन गेले.

"आरशापुढून हलवत नाही ना? लोक हसले की आपल्यालाच हसतात, असं वाटतं?" बाईंनी विचारलं.

ज्योत्स्नाची मान हलत गेली. हिला हे सगळं कुणी सांगितलं?

"हा आजार आहे," बाई म्हणाल्या. "नसलेलं व्यंग दिसत राहतं, मन तिथंच अडकतं. गोळ्यांनी, बोलण्यानं उतार पडतो."

"आन खरंच वाकडा असला तर?"

"आज तसं वाटणारच. वाटत असलं तरी गोळी घ्या, पुढच्या मंगळवारी परत या. आणि घरच्यांनो, हिच्याशी जबड्यावरून वाद घालू नका. भीती वाटते म्हणाली, तर जवळ बसा."

तिला पटलं नव्हतं. परतताना एसटीत समोरच्या बाईनं पाहिलं तशी ती पदराआड झाली.

पण मंगळवारी ती गेली. त्याच्या पुढच्याही. भीती गेली नव्हती. ती दाटून आली की ज्योत्स्ना सासूचा हात घट्ट धरायची, आणि चांगुणाबाई हातातलं काम टाकून तिच्यापाशी बसायच्या.